बहात्तरवरचा काटा

२०२२ साल. डिसेंबर महिना. गाव गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली.

माझं वय आता सत्तरीच्या पुढं गेलं आहे. कोणाला घाबरवून मला काही मिळायचं नाही. आम्ही बौद्ध. आमच्या घरात कधी अंगारा आला नाही, भगताच्या दारात आम्ही कधी गेलो नाही. भुताचं कोणी सांगायला लागलं की मी उठून चुलीकडं जायची.

तरी हे लिहिते आहे. कारण हे माझ्या टेबलावर झालं, माझ्या डोळ्यांसमोर. आणि त्यातला शेवटचा आकडा माझ्या तोंडचा आहे.

आधी घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझे पती संतराम घड्याळं दुरुस्त करायचे. गोरेगावच्या बाजारात त्यांची लाकडी टपरी होती. तेव्हा प्रत्येक नवरदेवाला सासऱ्याकडून घड्याळ लागायचं आणि ते वर्षभरात बंद पडायचं. पुढं त्यांची नजर कमी झाली. मग घड्याळाचे काटे काढायचं आणि बसवायचं काम मी करू लागले. चौऱ्याऐंशी साल होतं. माझा हात स्थिर होता. बाई घड्याळाला हात लावते म्हणून लोक बघायला उभे राहायचे.

त्यांचे नियम मला अजून पाठ आहेत.

काटा काढायच्या आधी तो जिथं असेल तिथं खूण करायची. ते म्हणायचे, "तो बराबर हाय का चूक, ते तू बघू नको. तुझं काम त्याची जागा राखायचं."

काटा बसवून झाला की काचेवर नखानं तीनदा वाजवायचं. टक. टक. टक. काटा कुठं अडत नाही ना, ते त्यावरून कळतं.

आणि तिसरा नियम. काढलेला काटा कधीच फेकायचा नाही. कागदाच्या पुडीत नाव घालून ठेवायचा. गिऱ्हाईक कधी ना कधी मागायला येतं.

ते २००९ मध्ये गेले. टपरी मोडली. तिथली भिंतीवरची नऊ घड्याळं घरी आणली. दर रविवारी मी त्यांना चावी द्यायची. त्यामुळं आमच्या घरात शांतता अशी कधी नव्हतीच. नऊ घड्याळांची टिकटिक. पाहुण्यांना झोप यायची नाही. मला तिच्याशिवाय झोप यायची नाही.

माझा एकुलता एक मुलगा प्रमोद. तो जीप चालवायचा. गोरेगाव ते सेनगाव, कधी हिंगोली. त्या वर्षी दिवाळीत त्यानं जुनी जीप घेतली. पुसेगावजवळच्या तांड्यावरच्या प्रेमसिंगकडून. गाडी चांगली होती. एकच खोड होती. मीटरचे काटे उन्हानं पांढरे पडले होते आणि मागची तबकडीही पांढरी.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यानं ते मीटरच उपसून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"माय, हा काटा दिसंना मला. दिवस मावळला की किती स्पीड हाय काही कळत न्हाई."

"डोळे तपास आधी."

"डोळे ठीक हायेत. काटाच पांढरा फटक झालाय. लाल करून दे. मिस्त्री म्हणतो काटा काढला की मीटर चुकतंय. मी म्हणलं, माझ्या मायच्या हातून चुकत न्हाई."

माझी सून सरिता दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, लाल रंग हाय माझ्याकडं. लग्नातली नेलपॉलिश."

"ती वाळली असल गं."

"मंग तुमच्या लेकानं दुसरी कधी आणली?"

आम्ही तिघंही हसलो. त्या घरातलं ते हसणं मला नीट आठवतं.

मी चष्मा चढवला. मीटरची काच काढली. आणि थांबले.

वेगाचा काटा शून्यावर नव्हता...

सत्तरच्या पुढच्या पहिल्या बारीक रेघेवर तो उभा होता. बहात्तर.

"वायर काढली तवा तर शून्यावर व्हता," प्रमोद म्हणाला.

"रस्त्यानं हलला असल."

सुटलेल्या मीटरचा काटा सैल असतो, फुंकर मारली तरी डुलतो. मी फुंकर मारून पाहिली. तो डुलला नाही.

मी नियमाप्रमाणं काट्याच्या टोकाखाली पेन्सिलीनं बारीक खूण केली. वर बटरपेपर धरून सगळी तबकडी त्यावर उतरवून घेतली. शून्यापासूनचे आकडे, रेघा आणि ती खूण. मग तबकडीवर कागद ठेवून दोन चहाचे चमचे काट्याच्या दोन्ही बाजूंनी घातले आणि सारखा जोर देऊन काटा वर उचलला.

कट्ट.

डिसेंबर तोंडावर होता. टेबलाचा पत्रासुद्धा गार पडला होता. पण तो काटा...

गरम होता. कोणाच्या तरी मुठीतून आत्ताच घेतल्यासारखा.

मी जुना रंग ब्लेडनं खरवडला. जेवढा निघाला तेवढाच नवा चढवायचा, नाहीतर काटा जड होतो आणि मागं पडतो. नेलपॉलिशचे दोन पातळ हात दिले. वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून काटा त्या बटरपेपरवर ठेवला, टोक शून्याकडं करून. वर जुन्या टेबलघड्याळाची काचेची घुमटी पालथी घातली.

मी भाकरी टाकायला आत गेले.

दुसरी भाकरी तव्यावर होती. बाहेरून आवाज आला...

टक. टक. टक.

काचेवर नख वाजवल्याचा.

मी हात पुसत बाहेर आले. कोणीच नव्हतं. प्रमोद बाजारात गेला होता, सरिता हौदावर होती. घुमटी जागेवर होती.

आतला काटा बहात्तरकडं तोंड करून होता.

मी मनाशी म्हटलं, वय झालं. मीच तसा ठेवला असेल.

आणि मी काटा बसवला. बरोबर त्या खुणेवर. त्यात केसाएवढाही फरक केला नाही. खूण रबरानं पुसली. प्रमोदनं वायर जोडली तसा काटा आपोआप शून्यावर गेला. संध्याकाळच्या आत आम्ही सेनगाव रस्त्यावर चाचणी घेतली. सरिता पुढं बसून मोबाईलवरचा वेग वाचत होती.

"चाळीस!"

"चाळीस," प्रमोद म्हणाला.

"साठ!"

"साठ. बराबर साठ! माय, आधी हे मीटर चार-पाचानं कमी दाखवत व्हतं. तू रंगवता रंगवता दुरुस्तच केलंस की!"

मला फार अभिमान वाटला. हे असते तर त्यांना सांगितलं असतं, असंही वाटलं.

तीन दिवसांनी, बुधवारी, संध्याकाळी मी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावत होते. काडी ओढली आणि हात तसाच राहिला.

काहीतरी कमी होतं...

टिकटिक नव्हती.

नऊच्या नऊ घड्याळं गप्प. तेरा वर्षांत अशी शांतता मी ऐकली नव्हती. मी भिंतीकडं पाहिलं. सगळीकडं एकच वेळ. सहाला आठ कमी.

जीप दारातच उभी होती. चावी माझ्यासमोर खिळ्याला टांगलेली. मी बाहेर आले. का आले ते सांगता येत नाही. गाडीच्या काचेतून आत पाहिलं.

लाल काटा हलत होता.

बंद गाडीत.

वीस... चाळीस... साठ... हळूहळू, गाडी वेग घेते तसा. बहात्तरवर थांबला. मी दोन श्वास घेतले असतील.

आणि तो पडला. ब्रेक लावल्यावर उतरतो तसा उतरला नाही. तोडून टाकल्यासारखा एकदम शून्यावर पडला.

घरात नऊ घड्याळं पुन्हा सुरू झाली. मी आत जाऊन रेडिओवरच्या वेळेशी ताडून पाहिली. एकही मागं पडलं नव्हतं.

प्रमोदला सांगितलं तर म्हणाला, "माय, आता तुझेच डोळे तपासावं लागतेत."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला चावी खिशात घालून तो स्वतः गाडीत बसला. मी आणि सरिता उंबऱ्यात. घड्याळं गप्प झाली. सरितानं माझा दंड धरला. थोड्या वेळानं प्रमोद खाली उतरला. हसत नव्हता.

"वायरीत बिघाड असल," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्यानं बॅटरीच काढून ओट्यावर ठेवली.

तरीही काटा चढला. बहात्तर. आणि पडला.

मग त्यानं प्रेमसिंगला फोन करून बोलावलं. प्रेमसिंग आला. चाळिशीचा, धिप्पाड माणूस. गाडीकडं न बघता सरळ घरात येऊन बसला. त्यावरूनच मला कळलं.

"मावशी, ही गाडी आधी माझा भाऊ चालवायचा. धाकटा. थावरा."

"कुठं असतो?"

"न्हाई आता. गेल्या डिसेंबरात गेला. पुसेगावच्या अलीकडं पूल हाय बघा, त्या वळणावर. गाडीला जास्त काही लागलं न्हाई, कठड्याला घासून उभी राहिली. ह्याच्या छातीला स्टेअरिंग लागलं." त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मीटरचा काटा तसाच अडकून बसला व्हता. बहात्तरवर. मिस्त्रीनं काच काढून बोटानं मागं फिरवला."

"वेळ कोणती होती?"

"दिवेलागण. सहाला थोडं कमीच."

प्रमोद तडकला. "मंग घेताना सांगितलं काहून न्हाई?"

"गाडीचा काय दोष, भाऊ? मीच सहा म्हैने चालवली. मीटर चार-पाच कमी दाखवायचं, तेवढंच. असं कधी झालं न्हाई." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मावशी, तुमी त्या काट्याला काय केलं?"

मी टेबलाकडं पाहिलं. मिस्त्रीनं त्याची जागा मोडली होती. माझ्या टेबलावर तो आपणहून आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. आणि मी ती जागा खूण करून, कागदावर उतरवून, जशीच्या तशी त्याला परत दिली.

माझ्या हातून चूक झालीच नव्हती.

प्रेमसिंग म्हणाला, गाडी परत घेतो. प्रमोद नाही म्हणाला. "तुमी पुन्हा दुसऱ्याला देसाल. त्याच्या घरी माय न्हाई का?" भंगारातही द्यायची त्याची तयारी नव्हती. जीप हेच त्याचं काम होतं. एवढंच ठरलं की साडेपाचच्या आत तो घरी येईल.

पण मला तेवढ्यावर झोप येईना. शनिवारी सकाळी मी पुन्हा चमचे घेतले आणि काटा काढून घेतला.

"काटाच नसला तर दाखवील काय?" मी म्हटलं.

"बरं झालं," प्रमोद म्हणाला. "मला तर इंजिनाच्या आवाजावरून कळतंय किती स्पीड हाय ते."

सरिता म्हणाली, "जाळून टाका तो, आत्याबाई."

मी जाळला नाही. फेकलाही नाही. चाळीस वर्षांची सवय. काढलेला काटा ठेवायचा असतो. डोळ्यांसमोर राहावा म्हणून त्याच बटरपेपरवर ठेवला, टोक शून्याकडं, वर घुमटी. सरिता उठून आत गेली. मी तिचं ऐकलं असतं तर... पण ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी काही झालं नाही. घड्याळं चालू राहिली. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस गेले. प्रमोद पुन्हा शीळ घालायला लागला. प्रमोदची मुलगी, माझी नात प्रियदर्शनी, तेव्हा पंधराची होती, ती त्याला "काट्याशिवायचा ड्रायव्हर" म्हणून चिडवायची.

बारा डिसेंबर. सोमवार.

प्रमोद नरसीला माणसं सोडायला गेला होता. साडेपाच वाजले. आला नाही. सरितानं दोनदा दारात जाऊन पाहिलं. मी म्हटलं, येईल, वाटेत कोणी बसलं असेल.

मी टेबलापाशी बसून राहिले. काटा शून्यावर होता.

मग टिकटिक थांबली...

मी वर पाहिलंच नाही. किती वाजले ते मला ठाऊक होतं. मी घुमटीकडं पाहत होते.

काटा कशालाही जोडलेला नव्हता. ना दांडी, ना वायर. कागदावर नुसता पडलेला प्लास्टिकचा तुकडा.

तो फिरायला लागला.

वीस.

मी फोन उचलला. प्रमोदचा नंबर लावला.

चाळीस.

रिंग वाजत होती. उचल रे लेकरा. उचल.

पन्नास.

"हां माय, बोल." मागं वाऱ्याचा आवाज. तो खुशीत होता. "नरसीला उशीर झाला. पुसेगाव आत्ताच सुटलं, आलोच मी."

"गाडी थांबव. आत्ता. कडेला घे."

"काहून? काय झालं?"

"स्पीड किती हाय तुझी?"

तो हसला. "काटा तर तूच काढून घेतलास. तुझ्यापाशीच हाय की तो. तूच बघून सांग."

मी पाहिलं.

"बहात्तर," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. 'थांब' म्हणायचं होतं. तोंडातून आकडा गेला.

 मग प्रमोदचा आवाज, वेगळाच. "माय... काचेवर कोण वाजवून राहिलं?"

आणि मला फोनमधून ऐकू आलं. स्वच्छ.

टक.

टक.

माझ्यासमोर घुमटीखाली काटा पडला. एकदम शून्यावर.

तिसरा टक आलाच नाही.

मागं सरिता उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही. तिनं फक्त काट्याकडं पाहिलं. मग भिंतीवरची घड्याळं पुन्हा सुरू झाली, आणि ती खाली बसली.

त्याच पुलावर. त्याच कठड्याला. समोरून गाडी नव्हती, जनावर नव्हतं, रस्ता कोरडा होता. आत एकटा प्रमोदच होता. मोबाईल त्याच्या हातातच सापडला, असं पुढं पोलिसांनी सांगितलं. बोलणं चालूच होतं म्हणे. पलीकडून मी काहीतरी सारखं म्हणत होते. मला ते आठवत नाही.

माझ्या फोनमुळं झालं का? मी फोन केला नसता तर त्याचं लक्ष रस्त्यावर राहिलं असतं का? काटा गाडीतच असता, तर बहात्तर बघून त्यानं पाय काढला असता का? तीन वर्षं झाली. रोज मी हे तीन प्रश्न फिरवून बघते. कोणत्याही बाजूनं फिरवले तरी माझ्यापाशीच येऊन थांबतात.

काचेवर कोण वाजवत होतं तेही मला माहीत नाही. माझे पती असते तर त्यांनी पोराला असं जाऊ दिलं नसतं. थावरा असेल, तर त्या बिचाऱ्याचं आणि आमचं काय वैर?

प्रेमसिंगनं मोडलेली जीप स्वतःच्या खर्चानं उचलून नेली आणि समोर उभं राहून तिचे तुकडे करून घेतले. त्यानं गाडी चालवायची सोडली. आता हळदीच्या शेतात राबतो. बाजारात भेटला की लांबूनच हात जोडतो, जवळ येत नाही.

सरिता सेनगावला खोली करून राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे. महिन्यातून एकदा येते, डबा भरून आणते. मला फोन मात्र करत नाही. एकदा जाता जाता तिनं विचारलं, "आत्याबाई, शेवटी काय म्हणले व्हते ते?"

मी म्हटलं, "आलोच म्हणाला."

ते खोटं नव्हतं. पण ते शेवटचं नव्हतं. मी शेवटी काय म्हणाले तेही तिला ठाऊक आहे, असं मला वाटतं. ती मागंच उभी होती.

घड्याळांना मी चावी देणं सोडलं. एकेक करत बंद पडली. आता घर गप्प असतं. फक्त सहाला आठ कमी झाले की क्षणभर... ती सगळी चालतात. नऊच्या नऊ.

काटा अजून टेबलावर आहे. जाळायला दोनदा काडी ओढली. दोन्ही वेळा काचेवर आवाज आला आणि माझा हात मागं आला. गिऱ्हाईक अजून आलेलं नाही.

नात प्रियदर्शनी आता अठराची आहे. सेनगावला बारावीला. गेल्या रविवारी तिचा फोन आला. खूप आनंदात होती.

"आजी, मी मैत्रिणीची स्कूटी शिकून राहिले! परवा एकटीनं चालवली."

"हळू चालव गं."

"हळूच व्हती. किती हळू, सांग बरं?"

ऐकता ऐकता माझी नजर टेबलाकडं गेली.

काटा शून्यावर नव्हता...

अठ्ठावीसवर होता.

"सांग ना आजी, किती?"

मी फोन ठेवून दिला. तिला वाईट वाटलं असेल. पण आकडा मी सांगितला नाही. आता मी कोणालाच आकडा सांगत नाही.